पहिला बार

आमच्या नाटक कंपनीत बंदुकीचा पहिला बार आभाळात काढायची रीत आहे. नटराजाची पूजा झाली की बंदुकीचं सगळं बघणारे लटारूभाऊ तिला कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि मंडपामागे जाऊन एक बार वर काढतात. मगच पडदा उघडतो. त्या आवाजानं भज्यांच्या गाडीवरची माणसं हातातली भजी तशीच घेऊन खुर्च्यांकडे पळतात. आम्ही नटही आपापल्या जागी जाऊन उभे राहतो. झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या आमच्या मुलखात, नाटक रात्रभर चालतं, त्यात एक तरी खून असतोच, आणि आमच्या नाटकात तो माझ्या नवऱ्याचा होतो. प्रफुल मरतो फार छान. मरायला तो इतका वेळ घेतो, की गोळी घालणाऱ्याला मध्येच घोटभर पाणी पिऊन यावंसं वाटावं.

ही रीत कशासाठी आहे, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. देवाधर्माचं काहीतरी असेल म्हणून मी हात जोडायची आणि केसांना पिना लावायला निघून जायची.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईची माणसं सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात आली. पोलीस आणि गुन्हेगार यांच्या कुठल्याशा टीव्ही मालिकेचे दोन भाग त्यांना जंगलात करायचे होते. त्यात एका खबऱ्याला गावाबाहेर गोळी घालतात. खबऱ्या म्हणून प्रफुलची निवड झाली आणि खबऱ्याची बायको म्हणून माझी. माझी निवड कशी झाली ते सांगते. प्रफुलनं "घरचीच आहे, चांगली रडते" असं सांगितलं. नवरा बायकोची तारीफ करतो तीही अशी.

पण प्रफुलसाठी ही गोष्ट साधी नव्हती. झाडीत नाव कमावलेला माणूस वैनगंगेच्या या काठी राजा आणि नागपूरच्या पुढे कुणीच नाही. दिग्दर्शक पियुष सर त्याला म्हणाले होते, "हा सीन जमला तर पुढच्या सीझनला मोठं काम देतो." त्या दिवसापासून माझा नवरा जेवताना, आंघोळ करताना, गोठा झाडताना मरायचा सराव करत होता.

मुंबईची मंडळी बंदुकांची एक मोठी पेटी घेऊन आली होती. इन्स्पेक्टरीण बाईंचं पिस्तूल तेवढं लोखंडी होतं, जवळून दाखवायचं म्हणून. बाकी शिपायांच्या रायफली रबराच्या होत्या. उन्हात ठेवल्या की त्यांची नळी काकडीसारखी वाकायची. पहिल्याच दिवशी एका शिपायानं "हात वर कर" म्हणत रायफल रोखली आणि तिचं तोंड हळूहळू खाली गेलं. मी हसले. सगळा शॉट वाया गेला. पियुष सर माझ्यावर ओरडले नाहीत, उलट फार गोड बोलले, म्हणून जास्त लागलं.

"मॅडम, एक नियम लक्षात ठेवा. रोलिंग म्हटलं की आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. कट फक्त मी म्हणणार."

घरी प्रफुलनं तेच मला त्याच्या भाषेत सांगितलं.

"तुह्या हसण्यापायी माहं काम जाईन ना वो! उद्यापासून कट म्हणेपर्यंत तोंड उघडू नको. मी तं मेल्यावर डोळ्याची पापनीही हालवत नाई."

गावात मात्र त्या रबरी रायफलींना कुणी हसलं नाही. आमच्याकडे वाघाची भीती रोजची आहे, तिच्यासोबत आम्ही जेवतो, झोपतो. बंदुकीची भीती निराळी. नदीपलीकडे गडचिरोलीत माझं माहेर आहे. लहानपणी बंदूकवाली माणसं अंगणात आली की ती कोणत्या बाजूची हे विचारायचं नसतं, एवढं आईनं शिकवलं होतं. म्हणून पेटी उघडली की बाया पोरांना घेऊन घरात जायच्या. पोलीस ठाण्यातूनही सांगून गेले होते की जंगलात स्फोटाचा, गोळीचा आवाज करायचा नाही, नाहीतर परवानगी रद्द. मालिकेतले सगळे आवाज मुंबईला जाऊन घालणार होते.

खलनायकाच्या हाती भरमार द्यायची होती. म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची जुनी बंदूक. पेटीतली भरमार लाकडाची, वर काळा रंग मारलेली. पियुष सरांनी ती हातात घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"ही तर शाळेच्या गॅदरिंगची वाटते."

लटारूभाऊ तिथेच उभे होते. पाहुण्यापुढे झाडीचं नाक खाली गेलेलं त्यांना खपत नाही.

"मी आणून देतो ना साहेब, खरी. आमच्या नाटकात तेच ऱ्हायते. आमच्या गावच्या कोलूची हाये, डुक्कर हाकलाचा परवाना हाये त्याच्यापाशी. दरवर्सी देते तो मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूभाऊ कोलूच्या शेतावरून बंदूक घेऊन आले. कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि बंदूक उचलून मोहाच्या झाडामागे निघाले, तोच पियुष सरांचा माणूस धावत आला. आवाज नको, ठाण्यातून माणसं येतील, दिवस जाईल.

"पहिला बार काढल्याबिगर आमी बंदुकीले हात नाई लावत," लटारूभाऊ म्हणाले.

"अहो, नाटकात ना? हे नाटक नाही."

लटारूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलनं हात जोडून डोळ्यांनीच विनवलं, जाऊ द्या भाऊ. लटारूभाऊंनी बंदूक कपाळाला लावली, "माफ करजो माय" असं काहीतरी पुटपुटले आणि ती खलनायक झालेल्या मुंबईच्या नटाच्या हाती दिली. तो पोरगा भला होता. बंदूक घेताना त्यानंही वाकून नमस्कार केला.

प्रसंग असा होता. मोहाखाली प्रफुल उभा. समोर, हात लांब केला तर नळीला लागेल इतक्या जवळ, बंदूक रोखलेला खलनायक. मी बाजूला बांधावर. मी ओरडायचं, "थांबा, मारू नका हो त्यांना!" मग चाप ओढायचा, प्रफुलनं शर्टाखालची रंगाची पिशवी दाबायची, पडायचं, मरायचं. त्याच्या मागे, खलनायकाच्या तोंडावर उन्हाची तिरीप वळवायला पांढऱ्या थर्माकोलचा मोठा फळा. तो धरायला सिंदेवाहीचे मंडप डेकोरेशनवाले नूर मोहम्मदभाई होते.

सकाळी दोनतीनदा झालं. चाप ओढला की नुसतं खट् वाजायचं. पियुष सरांचं समाधान होईना. त्यांना बंदुकीच्या घोड्यापाशी थोडी ठिणगी, थोडा धूर हवा होता.

"टोपी लावली का निंघते," लटारूभाऊ म्हणाले. "घोडा टोपीवर पडते, चट करते, धूर निंघते. आवाज टिकलीएवढा. सकाळी बार नाई म्हनल्यावर टोप्या घरी ठेवून आलो, घेऊन येतो." आणि ते मोटरसायकल काढून गेले. आम्हाला जेवायची सुट्टी झाली.

मी पत्रावळ घेऊन बांधावर बसले, तेवढ्यात कोलूची बायको बायनाबाई शेताकडून आली. तिला शूटिंग पाहायचं होतं. तिच्या हातात बंदुकीत दारू ठासायचा लोखंडी गज होता.

"लटारूभाऊ कुठी गेले वो? हा गज जागलीच्या माचीवरच इसरले. बंदूक नेली अन् गज तिथीच."

मी बंदुकीकडे पाहिलं. ती खुर्चीला टेकवून ठेवली होती. नळीखाली गज ठेवायची जी खाच असते ती रिकामी होती. दर हिवाळ्यात ही बंदूक आमच्याकडे यायची ती धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, गज जागच्या जागी. तेव्हा धान घरी आलेलं असतं, डुकरं रानात गेलेली असतात, बंदूक फळीवर पडलेली असते. आत्ता धान शेतात उभं होतं. मी पत्रावळ खाली ठेवली.

"बायनाबाई, काल डुकरं आले होते का?"

"नाई ना बाप्पा. सांजीच भरून ठेवली होती यायनं, मोठे छर्रे टाकून. पन डुक्कर फिरकलाच नाई. बार तसाच राह्यला आत." मग ती सहज म्हणाली, "तुमी तं सकाळीच काढला असन ना, पहिला बार?"

रीत कशासाठी होती ते मला त्या क्षणी कळलं. देवाचं नाव होतं, पण ती आम्हा माणसांसाठी होती. कुणी विसरलं, कुणी चुकलं, कुणाच्या बंदुकीत काही राहिलं, तर ते आभाळात जावं, नटाच्या छातीत जाऊ नये. आणि नेमका तोच बार आम्ही पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून गिळला होता. सकाळपासून ती नळी माझ्या नवऱ्याच्या छातीकडे तोंड करून होती.

मी धावत पियुष सरांकडे गेले. प्रफुल तिथेच बसून त्यांचं बोलणं ऐकत होता.

"सर, बंदूक भरलेली आहे. आत छर्रे आहेत. कोलूनं काल भरली होती."

पियुष सर दचकले, हे मी खरं सांगते. बेफिकीर माणूस नव्हता तो. लगेच उठले. मुंबईच्या नटानं बंदूक घेतली, सगळ्यांना मागे सारलं, नळी जमिनीकडे केली आणि चाप ओढला.

खट्.

परत ओढला. खट्.

"सकाळपासून किती वेळा ओढलाय मॅडम," तो हसून म्हणाला. "भरलेली असती तर मी आत्ता जेलमध्ये असतो."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी हसत होते. खरंच की, एवढ्या वेळा ओढला आणि काही झालं नाही. कोलूनंच सकाळी रिकामी करून दिली असेल, बायनाबाईला काय ठाऊक? जिवाला एवढं हलकं वाटलं की मी बांधावर परत येऊन उरलेला भात मिटक्या मारत खाल्ला. प्रफुल मात्र लाल झाला होता. जाता जाता माझ्याजवळ वाकून म्हणाला, "झालं समाधान? चार लोकाईत माही इज्जत काढाचीच हाये का तुले?" बायनाबाई गज माझ्या पायाशी ठेवून शेताकडे परत गेली. गर्दीतल्या त्या रायफलवाल्या शिपायांची तिला भीती वाटत होती.

लटारूभाऊ परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि पियुष सरांची घाई चालली होती. ऊन गेलं तर सगळं गेलं. जागेवर, जागेवर, असा आरडाओरडा झाला. मी बांधावर उभी राहिले. प्रफुलनं शर्टाखालची पिशवी चाचपली, मोहाखाली गेला. नूर मोहम्मदभाईंनी थर्माकोल त्याच्या मागे, मोहाच्या बुंध्याला टेकवून उभा केला, तो वाऱ्यानं हलत नाही असं पाहिलं आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला बाजूला सरकले.

लटारूभाऊंनी खिशातून डबी काढली. चिमटीत एक तांब्याची इवलीशी टोपी धरून घोड्याखाली बसवली, अंगठ्यानं दाबली. बंदूक नटाच्या हाती दिली आणि मागे सरकले.

"सायलेन्स. रोलिंग."

आणि तेव्हा मला कळलं. टोपी. सकाळपासून टोपी नव्हती. आतली दारू पेटते ती टोपीच्या ठिणगीनं. टोपी नसली तर आत काहीही भरलेलं असो, घोडा नुसता खट् करणार. तुम्ही शंभर वेळा ओढा. जेवणाच्या वेळी ज्या खट् वर मी हसले, त्यानं काहीच सिद्ध झालं नव्हतं. हे एका माणसाला पुरतं ठाऊक होतं, लटारूभाऊंना, आणि माझी शंका, ते हसणं, यातलं काही ऐकायला ते तेव्हा इथे नव्हते.

"अॅक्शन."

मुंबईच्या नटानं बंदूक उचलली. घोडा मागे ओढला.

"थांबा!" मी ओरडले. "मारू नका!"

कुणी हललं नाही. कसं हलेल? ते माझंच वाक्य होतं. लिहिलेलं होतं तसंच्या तसं मी बोलले होते. पियुष सर मान डोलावत होते.

"थांबा हो! भरून हाये ते! खरंच भरून हाये!"

पियुष सरांनी हात हवेत फिरवला, चालू द्या, चालू द्या, छान चाललंय. झाडीचे नट पदरची वाक्यं घालतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते त्यांना आवडायचं. मी प्रफुलकडे पाहिलं. तो तरी ओळखेल. इतकी वर्षं माझ्यासोबत रंगमंचावर उभा राहिलेला माणूस, माझा खरा आवाज आणि खोटा आवाज त्याला कळणार नाही?

प्रफुलच्या डोळ्यांत मला राग दिसला. त्याला वाटलं, मी पदरचं घालून त्याचा प्रसंग खाते आहे. आणि समोरच्यानं पदरचं घातलं की गप्प राहणं झाडीच्या नटाच्या रक्तात नाही. त्यानं शर्टाची वरची बटणं तोडली, छाती पुढे काढली आणि नळीकडे एक पाऊल टाकलं.

"मारू दे त्याले! मार बे! या छातीत मार! मी काई भेत नाई तुह्या बंदुकीले!"

मला त्याचा संताप आला, इतका संताप, की मेल्या, तू मर एकदाचा असंही क्षणभर मनात आलं असेल, देव मला क्षमा करो. आणि त्याच संतापात मी बांधावरून उडी टाकली. पायाशी पडलेला गज कधी हातात आला मला आठवत नाही. नट चाप ओढतच होता. मी गज खालून नळीवर हाणला.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. आभाळात काढलेला बार निराळा असतो. हा कानाशेजारी झाला. सगळीकडे धूर झाला, दारूचा वास नाकात घुसला, कानात नुसतं कुईं वाजत राहिलं. मी चिखलात गुडघ्यांवर पडले होते. धूर विरला तेव्हा प्रफुल मोहाखाली उताणा पडला होता. त्याच्या छातीवर सगळं लाल होतं.

मी रांगत त्याच्याकडे गेले. शर्ट ओला, लाल. माझे हात लाल. रंग आहे, मी स्वतःला सांगत होते, पिशवीतला रंग आहे. पण रंग कुठला आणि रक्त कुठलं हे मला कळेना. वास घेऊन पाहिला, नाकात दारूशिवाय दुसरा वासच नव्हता.

"प्रफुल! अवो, उठा ना! उठा!"

तो हलला नाही. डोळे अर्धे उघडे, वर लागलेले. तोंड वाकडं. एक हात पाठीखाली मुडपलेला. नाटकात तो असाच मरतो. पण खरा मेलेला माणूसही असाच दिसतो, माझा भाऊ गेला तेव्हा मी पाहिलं आहे. मी त्याच्या नाकापाशी बोट धरलं, आणि बोटाला लागतो तो श्वास की वारा हे समजेना. मी मोठ्यानं रडायला लागले. छाती बडवली. त्याला शिव्या दिल्या. आजूबाजूला कुणी पुढे येत नव्हतं. कॅमेरा माझ्याकडे वळला होता. मला वाटलं, तो मेला आहे आणि हे लोक माझं रडणं टिपून घेत आहेत.

मी त्याच्या छातीवर डोकं टेकलं. आणि तेव्हा माझ्या कानाशी, ओठ न हलवता, दातांतल्या दातांत, तो म्हणाला, "चूप बस. कट नाई झालं अजून."

त्याला मारावं की कवटाळावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. गालावर एक ठेवून दिली आणि गळ्यात पडले. मग कधीतरी पियुष सर "कट, कट" म्हणाले. टाळ्या वाजल्या. "काय आवाज काढला हो लटारूभाऊ, थोडी दारू जास्तच घातली वाटतं," ते म्हणत होते.

लटारूभाऊ बंदुकीकडे बघत उभे होते, तोंड राखेसारखं झालेलं. तेवढ्यात नूर मोहम्मदभाईंचा आवाज आला.

"साहब, इधर देखो."

ते मोहाजवळ उभे होते. खर्रा हातातच होता. पांढऱ्या थर्माकोलला वरच्या अंगाला, ताटाएवढ्या जागेत, चाळणीसारखी भोकं पडली होती. मागे मोहाची साल उडून आतलं ओलं लाकूड दिसत होतं. नूरभाईंनी, सकाळी फळा धरून उभे होते तसं, भोकांपुढे आपलं डोकं नेऊन पाहिलं, मग पटकन बाजूला घेतलं आणि खालीच बसले. मुंबईचा नट बंदूक टाकून बांधापलीकडे गेला आणि तिथे ओकला.

प्रफुल उठला. शर्टाचा लाल रंग ठिबकत होता. तो थर्माकोलपाशी गेला, पाठ लावून उभा राहिला, जसा प्रसंगात उभा होता तसा. भोकं त्याच्या डोक्याच्या वीतभर वर होती. त्यानं हात वर करून एकेक भोक बोटानं चाचपलं. मग हात खाली आणून छातीवर ठेवला, जिथे त्यानं बटणं तोडली होती तिथे.

मी त्याच्याजवळ गेले. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर बघत होता. त्यानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी फुटली.

"कट झालं ना?" तो म्हणाला.

"झालं."

"नक्की झालं ना वो नीलिमा?"

"झालं. चला घरी."

लटारूभाऊ आणि मी दोन्हीकडून धरून त्याला घरापर्यंत आणलं, आणि सबंध वाटेत तो मला तेवढंच विचारत होता.